दोघांचं गाणं, तिसऱ्याचा कान

निफाड तालुक्यात नव्या गाण्याचा पहिला निकाल वर्तमानपत्रात लागत नाही, वरातीत लागतो. २०१६ साली २९ एप्रिलला ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा लग्नसराई भरात होती. द्राक्षाच्या बागा खाली झालेल्या, उन्हाळ कांदा काढून चाळीत पडलेला आणि प्रत्येक तिथीला कुठे ना कुठे मांडव. रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणं लोकांच्या हाती पडेपर्यंत ‘झिंगाट’वर नवरदेवाचे मामा, मावसभाऊ आणि एरवी वरातीच्या मागे पदर सावरत चालणाऱ्या आत्याबाईसुद्धा नाचून मोकळ्या झाल्या होत्या. डीजेवाल्याला त्या गाण्याची फर्माईश करावी लागत नव्हती, त्याला आवरावं लागत होतं.

अजय आणि अतुल गोगावले या भावांनी त्या चित्रपटाला गाणी दिली अवघी चार. त्यासाठी ते हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले आणि तिथल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. ही बातमी सगळ्यांनी छापली. मराठी गाणं अमेरिकेत जाऊन आलं याचा अभिमान वाटणं साहजिक होतं. पण त्या वाद्यवृंदाने गाण्यात नेमकं काय केलं? ‘याड लागलं’मध्ये गावातल्या एका पोराची कबुली आहे आणि तिच्या मागे व्हायोलिनांचा प्रचंड ताफा उभा आहे. इवलंसं माणूस आणि आभाळाएवढा आवाज, हे अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे की तो केवळ थाट आहे? गाण्याच्या परीक्षणाने सर्वात आधी हात घालावा असा हा प्रश्न. छापील जागा मात्र गेली १०० कोटींच्या हिशेबात. दोघा भावांपैकी कोण काय करतं, चाल आधी की वाद्यमेळ आधी, हे तर विचारायचंच राहून गेलं.

जोडीने केलेल्या संगीताबाबत हे नेहमी होतं, आणि फक्त मराठीतच होतं असंही नाही.

इंडी रॉक नावाचा प्रकार निफाडच्या वाचकाला दूरचा वाटेल, पण त्याची गोष्ट सोपी आहे. ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर राहून, कमी पैशांत, स्वतःच्या मर्जीने केलेलं गिटार-ड्रमचं संगीत. या प्रकारात दोघांचे बँड फार. खर्च कमी, भांडणाला माणसं कमी आणि गाडीत सामानही कमी. अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा त्यांतला गाजलेला. १९९७ साली जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट यांनी तो सुरू केला. तो गिटार वाजवून गायचा, ती ड्रम वाजवायची, बस्स. कपडे लाल, पांढरे आणि काळे, चौथा रंग नाही. लोकांना ते बहीणभाऊ असल्याचं सांगत. प्रत्यक्षात ते आधी नवराबायको होते आणि पुढे घटस्फोटित.

२००३च्या एप्रिलमध्ये त्यांचा ‘एलिफंट’ हा अल्बम आला. लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, जुन्या काळच्या यंत्रांवर, संगणकाची मदत न घेता तो ध्वनिमुद्रित झाला होता. त्यातल्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ या गाण्याची सुरुवातीची सुरावट बेस गिटारची वाटते, पण या बँडमध्ये बेस गिटार नव्हतीच. साध्या गिटारचा सूर यंत्राने एक सप्तक खाली ओढून तो आवाज काढला होता. त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुज या फुटबॉल संघाचे चाहते मिलानमध्ये ही सुरावट नुसती ‘ओऽ ओऽ’ करत गाऊ लागले. २००६च्या विश्वचषकात इटलीभर ती घुमली आणि पुढे जगातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये ऐकू येऊ लागली. गाणाऱ्यांतल्या पुष्कळांना बँडचं नाव माहीत नसतं. म्हणजे वरात तिकडेही असतेच.

या अल्बमचं समीक्षकांनी कौतुक केलं, पण कौतुकाची वाटणी बघण्यासारखी होती. गिटार जॅकची, आवाज जॅकचा, गाणी जॅकची, म्हणून प्रतिभा जॅकची. मेगचे ड्रम ‘साधे’, ‘प्राथमिक’, काहींच्या मते चक्क कच्चे. बँड २०११मध्ये संपल्यावरही हा वाद विझला नाही. २०२३ साली एका पत्रकाराने मेगच्या वादनावर तुच्छतेने शेरा मारला, त्यावर इतका गदारोळ झाला की त्याला माफी मागावी लागली. तिच्या ठोक्यांत ती मोकळी जागा नसती तर जॅकच्या गिटारला आरडाओरडा करायला अंगण मिळालं नसतं, हे अनेक वादक आधीपासून सांगत होते. समीक्षेला ते पटायला वीस वर्षं लागली. २०२५मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दोघांची नावं एकत्र गेली तेव्हा मेग समारंभाला आली नाही.

इंडी संगीताची समीक्षा अमेरिकेत ज्या नियतकालिकाने घडवली आणि थोडी बिघडवली, ते ‘पिचफोर्क’. मिनिआपोलिसमधल्या रायन श्रायबर या विशी न गाठलेल्या मुलाने नव्वदच्या दशकाच्या मध्यात ते सुरू केलं. तिथे अल्बमला शून्य ते दहा गुण मिळतात आणि तेही दशांश चिन्हासकट. निफाडची ओळख महाराष्ट्राला दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याने होते. आज ६.१, उद्या ५.८. पिचफोर्कने तसा तापमापक थेट गाण्यांना लावला. २००४ साली ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या अल्बमला ०.० मिळाले आणि काही दुकानांनी तो ठेवायलाच नकार दिला. ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला २००१मध्ये ६.४ गुण मिळाले होते. वीस वर्षांनी, २०२१मध्ये, त्याच पिचफोर्कने जुने निकाल पुन्हा तपासले आणि त्या अल्बमला दहापैकी दहा दिले. अल्बममधला एकही सूर मधल्या काळात बदललेला नव्हता.

या गुणपत्रिकेची चेष्टा करणं सोपं आहे. तरीही एक मान्य करायला हवं. त्या आकड्याखाली हजार-बाराशे शब्दांचा मजकूर असायचा आणि त्यात गाणं कसं बांधलंय, ढोलाचा आवाज कुठे ठेवलाय, गायकाचा श्वास ऐकू येतो की पुसून टाकलाय, यावर कोणीतरी डोकं खाजवलेलं असायचं. २०२४च्या जानेवारीत मालक कंपनीने पिचफोर्क ‘जीक्यू’ या पुरुषांच्या फॅशनच्या मासिकात विलीन केलं तेव्हा तिकडच्या संगीतकारांनी हळहळ व्यक्त केली. त्यांत एकेकाळी तिथे मार खाल्लेलेही होते.

भारतात असं लिहिणारे नव्हते असं नाही. १९९३मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघालं. मुंबई नाही, बंगळूर नाही, अलाहाबाद! २००८पासून ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती निघू लागली. कोलकात्याच्या ‘पारेख अँड सिंग’ या जोडीचा ‘ओशन’ २०१६मध्ये इंग्लंडच्या पीसफ्रॉग या कंपनीने काढला, त्यावर देशविदेशात लिहून आलं. पण हे सारं इंग्रजीत, इंग्रजी गाण्यांबद्दल. नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनरीत २००८पासून जो संगीतमहोत्सव सुरू झाला, त्यात असे बँड येऊन गेले. द्राक्षमळ्यांच्या कुशीत, वाइनचा पेला हातात घेऊन ऐकायचं संगीत. निफाडच्या बागायतदाराचा आणि त्या द्राक्षाचा संबंध तसा लांबचाच, कारण याचा माल बहुतेक खायचा आणि निर्यातीचा. याच तालुक्यात विंचूरला सरकारने वाइन पार्क उभारलं असलं तरी त्या मैफलीतली भाषा अजून इथल्या बांधावर पोचलेली नाही.

मग मराठीत काय होतं? मराठीत संगीतसमीक्षा होती, आणि दणदणीत होती. केशवराव भोळे ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी गायकांवर लिहायचे तेव्हा मैफली गाजवणाऱ्यांनाही धाक वाटायचा. स्वतः भोळे चाली बांधायचे, १९३६च्या ‘संत तुकाराम’चं संगीत त्यांचं, म्हणजे टीका करणाऱ्याला हार्मोनियमची पट्टी ठाऊक होती. गोविंदराव टेंबे, ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे, पुढे डॉ. अशोक रानडे अशी ही परंपरा. तिचा बहुतेक सगळा जीव रागदारीत आणि नाट्यसंगीतात गुंतलेला. चित्रपटगीतांना शिरीष कणेकरांसारखा आशिक लेखक मिळाला. मधल्या मधे राहिलं ते भावगीत आणि त्याच्या पोटी आलेला खासगी अल्बम. १९३२ साली ना. घ. देशपांड्यांच्या कवितेची जी. एन. जोशींनी ध्वनिमुद्रिका काढली, तिथपासून भावगीत हे मुळात जोडीचंच काम होतं. एक कवी, एक चालकार-गायक. पण कवितेच्या समीक्षकाने कवी नेला आणि गाण्याच्या जाणकाराने ‘हलकंफुलकं’ म्हणून गायकाला सोडून दिलं.

कवितेच्या बाजूला नशीब कसं फळफळतं याचं उदाहरण निफाडकरांच्या घरातलंच आहे. तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतला वि. वा. शिरवाडकरांचं बालपण गेलं. १९४२मध्ये त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. तेव्हा खांडेकर महाराष्ट्राचे लाडके कादंबरीकार होते. त्यांनी एका तरुण कवीबद्दल सविस्तर, मनापासून आणि कारणं देऊन लिहिलं, आणि कुसुमाग्रज हे नाव घरोघरी गेलं. १९८७चं ज्ञानपीठ फार पुढचं. मराठी अल्बमला असे खांडेकर कोणी मिळाले नाहीत.

जवळपास मिळाले ते एकदाच, पण तेही वेगळ्या वाटेने.

१ एप्रिल १९५५. रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ‘गीतरामायण’ सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आठवड्याला एक नवं गाणं. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि एकूण ५६ झाली. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज त्यात होते. पहिल्याच गाण्याचा कागद हरवला आणि माडगूळकरांनी रागारागात, पण थोड्याच वेळात ते पुन्हा लिहून दिलं, असा किस्सा सांगितला जातो. खरा असो वा रंगवलेला, तो जोडीबद्दल बरंच सांगतो. एकाने हरवायचं आणि दुसऱ्याने चिडायचं, दोघांनी मिळून प्रसारणाची वेळ गाठायची.

श्रोत्यांचा प्रतिसाद म्हणाल तर रेडिओला हार घातल्याच्या, उदबत्ती लावल्याच्या आठवणी आजही वयस्कर मंडळी सांगतात. वर्तमानपत्रं गाण्याचे शब्द छापत. १९५७मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तकही काढलं. पुढे कितीतरी भारतीय भाषांत त्याची रूपांतरं झाली, आणि बहुतेकांनी फडक्यांच्या मूळ चाली तशाच ठेवल्या. अनुवादकांना जे कळलं ते समीक्षकांना उशिरा कळलं. चाल शब्दाला चिकटलेली होती. ती वेगळी काढता येत नव्हती.

पण त्या काळातल्या मराठी साहित्याच्या चर्चेत केंद्रस्थानी काय होतं? नवकाव्य. बा. सी. मर्ढेकरांवर रणं माजली होती. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला, आणि त्याच आकाशवाणीवरून घराघरांत माडगूळकर. एकाच खात्याच्या दोन खोल्यांत मराठी कवितेची दोन टोकं बसली होती म्हणायची. नवकवितेच्या कसोट्यांवर गीतरामायण तपासायचं कारणच नव्हतं, आणि दुसऱ्या कसोट्या कोणी तयार केल्या नाहीत. ‘आधुनिक वाल्मीकी’ ही पदवी मिळाली, पण पदवी म्हणजे समीक्षा नव्हे. तो नमस्कार असतो. १९७३मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद माडगूळकरांकडे आलं, म्हणजे साहित्याने आपला वाटा उचलला. फडक्यांच्या वाट्याचा हिशेब संगीताच्या बाजूने तितक्या तपशिलात झाला नाही. छप्पन प्रसंग, प्रत्येकाला साजेसा राग निवडायचा, कुठे ठेका भजनाचा, कुठे लोकगीताचा, आणि तरी सगळं एका माणसाच्या हातचं वाटलं पाहिजे. या कामगिरीवर शेकडो पानं लिहिता आली असती. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात शब्द आणि सूर यांच्या नात्याचा विचार केला, तो या दिशेच्या मोजक्या प्रयत्नांपैकी एक. तेही स्वतः संगीतकार, हे लक्षात घेण्यासारखं.

आणखी एक गोष्ट. आज बहुतेक घरांत जे गीतरामायण ऐकलं जातं ते एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. मूळ प्रसारणात कौसल्या, सीता, शबरी, हनुमान यांना वेगवेगळे गळे होते. पुढच्या सलग ध्वनिमुद्रणात ते सगळे एका कंठात सामावले. नाटक गेलं आणि कीर्तन आलं. काहींना दुसरंच जास्त आवडतं, आणि त्यात चूक काही नाही, पण ही दोन वेगळी संगीतकामं आहेत आणि त्यांचा न्यायही वेगळा व्हायला हवा. पाश्चात्त्य समीक्षक एकाच गाण्याच्या दोन ध्वनिमुद्रणांवर हमरीतुमरीवर येतात. इथे दोन्हींना एकच हार.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र या जोडीचा ‘गारवा’ आला. सौमित्र म्हणजे अभिनेते किशोर कदम. गाण्यांच्या मधेमधे कवी स्वतः आपल्या आवाजात बोलतो, ही त्याची खुबी. कॉलेजच्या पोरांनी पावसाळ्यात ती कॅसेट झिजवली. खासगी अल्बम ही एक सलग चीज असू शकते, ती सुटीसुटी गाण्यांची थैली नसते, हे त्या पिढीला ‘गारवा’ने शिकवलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्यानंतरची जोडी डॉ. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांची. २००३मध्ये ‘आयुष्यावर बोलू काही’ हा त्यांचा रंगमंचीय कार्यक्रम सुरू झाला. कवी आपल्या कविता म्हणणार, गाणार, संगीतकार चाली गाणार, मधे गप्पा. त्याच नावाचा अल्बम आला, मग ‘नामंजूर’, मग मुलांसाठी ‘अग्गोबाई ढग्गोबाई’. प्रयोगांची संख्या हजाराच्या पुढे गेली, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी बोलावून घेतलं. निफाडहून नाशिकच्या कालिदास कलामंदिरापर्यंतचं अंतर चाळीसेक किलोमीटर. अशा कार्यक्रमासाठी गाडी ठरवून, पोराबाळांसकट जायचं आणि रात्री उशिरा परतायचं, ही गावोगावच्या शिक्षकांची, बँक कर्मचाऱ्यांची, बागायतदार कुटुंबांची रीतच झाली. या जोडीचं परीक्षण झालं ते अशा परतीच्या गाड्यांत. कोणतं गाणं उतरलं, कोणतं उगाच लांबलं, कवी आज जरा जास्तच बोलला का.

छापील समीक्षा मात्र दोन कप्प्यांत गेली. खऱ्यांचे ‘मौनाची भाषांतरे’सारखे संग्रह कवितेच्या रांगेत लागले आणि तिथे त्यांना ‘लोकप्रिय’ हा शिक्का बसला. मराठीत या शब्दाचा उच्चार कधीकधी आरोपासारखा होतो. कुलकर्ण्यांच्या चालींना शास्त्रीय अंगाच्या जाणकारांनी सुगम म्हणून सोडून दिलं. चोखंदळ मंडळींची तोंडी तक्रार होती ती मजकुराची. हे मध्यमवर्गाचं हळवेपण आहे, परदेशी गेलेल्या मुलांचं आणि मागे राहिलेल्या आईबापांचं. तक्रारीत तथ्य आहे. पण हळवेपणाची टीका मजकुरावर थांबते, गाण्यापर्यंत जात नाही.

गाण्यापर्यंत गेलं तर वेगळंच काही दिसतं. खऱ्यांच्या ओळी बोलण्याच्या लयीत चालतात आणि मधेच यमकावर उडी मारतात. कुलकर्ण्यांची चाल बहुतेकदा त्या उडीच्या आधी दोन पावलं थांबते, म्हणून श्रोत्याला ओळ आधी कळते आणि मग सूर लागतो. प्रेक्षागृहात याचा परिणाम जबर होतो. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ला बापमाणसं रुमाल शोधतात त्यामागे ही थांबण्याची कला आहे, नुसता विषय नाही. ध्वनिमुद्रित अल्बममध्ये मात्र तीच चाल कीबोर्डच्या मऊ गादीवर झोपवलेली आढळते. मधल्या गप्पा नाहीत, श्वास नाही, आणि रिकाम्या जागा तंतुवाद्यांच्या कृत्रिम आवाजांनी भरलेल्या. म्हणजे या जोडीचं खरं काम रंगमंचावर आणि त्याची फिकट प्रत सीडीवर. ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ याला अपवाद ठरतो, कारण मुलांच्या गाण्यात वाद्यमेळाला दंगा करायची मुभा मिळाली आणि ती घेतली गेली. हे मत कोणाला पटेल, कोणाला नाही. पण वाद घालायचा तर तो इथे घालायला हवा, जिथे शब्द आणि सूर यांचा सांधा आहे.

काही जोड्यांच्या वाट्याला वादही आला नाही. आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे या भावांच्या कॅसेटी ऐंशीच्या दशकात एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, रसवंतीवर वाजत होत्या. वडील प्रल्हाद शिंदे मोठे गायक, घरात भक्तिगीतं, कव्वाली, भीमगीतं. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्याने खपाचे सगळे अंदाज मोडले. स्वस्त कॅसेटने भारतातलं संगीत कसं पालटलं यावर पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३मध्ये ‘कॅसेट कल्चर’ नावाचा ग्रंथ लिहिला, त्याचा मुख्य भर उत्तर भारतावर. महाराष्ट्रात तेव्हा हेच घडत असताना मराठी पुरवण्यांनी नाक मुरडलं किंवा मान वळवली. निफाडला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हजारो गाणी लिहून, गावोगाव गाऊन गेले. त्यांच्याकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं तेही उशिरा आणि प्रामुख्याने आंबेडकरी चळवळीच्या अंगाने. या गप्प बसण्याला जातीचा आणि वर्गाचा वास होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. २००६च्या ‘जत्रा’मध्ये अजय-अतुलनी आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून ‘कोंबडी पळाली’ गाऊन घेतलं तेव्हा तोच आवाज अचानक सर्वांना ‘अस्सल’ वाटू लागला. आवाज बदलला नव्हता, बैठक बदलली होती.

आता अल्बमच उरलेला नाही असं म्हणतात. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं ‘तांबडी चामडी’ आलं. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे, डीजे आणि निर्माता. श्रेयस म्हणजे श्रेयस सागवेकर, शब्द आणि आवाज त्याचा. हाऊस नावाच्या नाचाच्या संगीतात मराठी शब्द बसवलेलं हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रसिद्ध केलं, आणि रील्समधून ते आधी परदेशी पोरांपर्यंत आणि मग इथल्या हळदीच्या कार्यक्रमांत पोचलं. त्यावर जे छापून आलं त्यात पुन्हा अभिमान पुढे होता. मराठी गाणं नेदरलँड्सच्या कंपनीने घेतलं, विषय संपला. ‘सैराट’च्या वेळचं सोनी स्कोअरिंग स्टेज आणि या वेळची डच कंपनी यांनी परीक्षणाची जागा घेतली. वास्तविक त्या गाण्यात विचारण्यासारखं पुष्कळ आहे. मराठी शब्दांतली ठसक्याची व्यंजनं ड्रम मशीनच्या ठोक्यांसारखी वापरली आहेत, अर्थाला दुय्यम ठेवून नादावर भर दिला आहे. हे मराठीला नवं आहे की भारुडात, तमाशाच्या बतावणीत आपण ते कायमच करत आलो? शब्द एकाचा, ठोका दुसऱ्याचा. कोणी कोणाला वाकवलं?

अशा प्रश्नांना लागणारा कच्चा माल खरं तर आता पूर्वीपेक्षा हाताशी आहे. कॅसेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत गीत, संगीत, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रक अशी नावं असत आणि खिशात घालून फिरताना ती पुसून जात. आज निफाडच्या स्टँडवर बस येण्याची वाट पाहणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्ये गाण्यापुढच्या तीन टिंबांना बोट लावलं की श्रेयनामावली उघडते. नव्या गाण्यांची ती बरीचशी भरलेली असते. जुन्या मराठी अल्बमांच्या बाबतीत मात्र तिथे अनेकदा एकट्या गायकाचं नाव सापडतं, कवीची जागा रिकामी असते, आणि वाद्यमेळ कोणी बांधला हे तर कंपनीच्या गोदामातल्या एखाद्या जुन्या वेष्टनावरच वाचायला मिळेल.